आपल्यातले का?

पुण्यातल्या दवाखान्यात नाव-पत्ता लिहून घेणाऱ्या मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, "कुठली पेठ?"

मी म्हटलं, "पेठ."

"हो, पण कुठली? सदाशिव, नारायण, शुक्रवार?"

"नुसती पेठ. तालुका आंबेगाव."

तिने पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. पुण्यात पेठेला वार तरी लागतो, नाहीतर कुणाचं नाव तरी. सोमवार ते रविवार सातही वार एकाच पेठेत काढणारी माणसं नाशिक रस्त्यावर राहतात, हे तिच्या गावी नव्हतं. शेवटी तिने 'इतर' नावाचा रकाना शोधला आणि मला त्यात टाकलं. पाऊण तासाने आतल्या डॉक्टरांनीही तेच केलं. त्यांच्या रकान्याला फक्त नाव होतं.

"बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. आमच्या घरात बॉर्डर हा शुभ शब्द आहे. आईची शुगर पाच वर्षं बॉर्डरवर आहे. धाकट्याचं दहावीचं गणित बॉर्डरवर सुटलं, तेव्हा पेढे वाटले होते. बॉर्डरवर म्हणजे थोडक्यात वाचलो. बाहेर येऊन घरी फोन लावला. आई म्हणाली, "बॉर्डरवरच ना? मग अजून झालेलं नाही. भात कमी कर आणि सकाळी चालायला लाग."

तिचीही चूक नाही. हे नावच मुळात अडचणीतून निघालेलं आहे. १९३८ साली ॲडॉल्फ स्टर्न नावाच्या न्यूयॉर्कच्या मनोविश्लेषकाकडे काही रुग्ण असे यायचे, की ते धड न्यूरोसिसच्या ओसरीवर बसेनात आणि धड सायकोसिसच्या माजघरातही जाईनात. उंबऱ्यावरच घुटमळत. त्यांना त्याने बॉर्डरलाइन म्हटलं. घर कुणाचं ते ठरेना म्हणून उंबऱ्यालाच घरनंबर दिला म्हणा ना. १९८० साली अमेरिकी मानसोपचारवाल्यांच्या निदानपुस्तिकेत त्याची रीतसर नोंद झाली. मराठीत कुणीतरी त्याचं 'सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार' असं भाषांतर केलं आहे. ते वाचलं की वाटतं हे बेळगाव-निपाणीकडचं काहीतरी आहे आणि सुप्रीम कोर्टात तारीख पडली की सुटेल.

आमच्या पठारावर एकच शब्द आहे. बेणं. "लई बेणं आहे ती पोरगी." तपासणी नाही, फी नाही, निदान तयार.

डॉक्टरांच्या पुस्तिकेत मात्र नऊ लक्षणं आहेत, त्यातली पाच जुळली की पास. माणूस सोडून जाईल ही सततची धास्ती. आज देव्हाऱ्यात आणि उद्या उकिरड्यावर अशी नाती. आपण नक्की कोण हेच हाती न लागणं. उरफाट्या उड्या, स्वतःच्या जिवाला इजा, तासातासाला पालटणारं मन, आतलं रितेपण, न आवरणारा राग, आणि ताण फार झाला की संशय किंवा सुटलेलं भान. नवातली कोणतीही पाच किंवा जास्त, म्हणजे एकूण २५६ तऱ्हांनी हा विकार जडू शकतो. मी मोजून पाहिलं; आडतीवर हिशेब लिहिते, सवय आहे. मला नवापैकी सात पडले. सत्त्याहत्तर टक्के. आमच्या खानदानातलं हे पहिलं डिस्टिंक्शन, आणि सांगायची चोरी.

आजाराचं पुस्तकी वर्णन बाजूला ठेवते, बटाट्याचं सांगते. आमचं सातगाव पठार खरिपाच्या बटाट्याचं. बेणं पंजाबातून मंचरला येतं, पावसाच्या भरवशावर आम्ही ते लावतो. बटाटा पोसला तरी लगेच काढत नाहीत. आधी वरचा पाला कापतात आणि दहा-बारा दिवस बटाटा मातीतच ठेवतात. का? साल पक्की व्हावी म्हणून. घाईने काढलेला बटाटा हातात घेऊन अंगठा फिरवा, साल सरकन निघून येते. पिशवीत दुसऱ्या बटाट्याला घासला तरी सोलवटतो, काळा पडतो, आडत्या त्याला बाजूला काढतो. तो सडका नसतो. वाण खराब नसतो. त्याची साल पक्की होण्याआधी त्याला पिशवीत भरलेलं असतं, इतकंच. मैत्रिणीने मेसेज वाचला, निळ्या खुणा आल्या आणि उत्तर आलं नाही, तर तुम्ही म्हणता कामात असेल. माझी साल निघते.

तर आता निदान झालं. गोळ्या कमी, बोलणं जास्त, असं डॉक्टरांनी सांगितलं. समुपदेशनाच्या एका तासाची फी म्हणजे दोन पिशव्या बटाटे, भाव असला तर. नसला तर ट्रॉली. आणि जाताजाता त्या म्हणाल्या, "असा त्रास असलेल्या इतरांशी बोललात तर फार उपयोग होईल." मी मान हलवली आणि एसटीत बसले. मंचरच्या गाडीत चाकणला अडकल्यावर ट्यूब पेटली. इतर? कुठले इतर?

आमच्याकडे गट नाहीत असं कुणी म्हणू नये. बचत गट आहेत, प्रत्येक वस्तीला दोन, आणि त्या दोहोंतून विस्तव जात नाही. भजनी मंडळ आहे. दूध डेअरीवर सकाळ-संध्याकाळ फॅट लावताना भरणारी संसद आहे. बाजारभावाचे व्हॉट्सॲप गट आहेत. बिबट्याचा तर स्वतंत्र गट आहे. उसात दोन डोळे चमकले की पाच मिनिटांत फोटो, सात मिनिटांत आवाजातला निरोप, दहा मिनिटांत बॅटऱ्या घेऊन पोरं हजर. जुन्नर तालुक्यात माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. जखमी बिबट्याला पिंजरा, डॉक्टर, सगळं मिळतं, आणि तिथे त्याला कुणी म्हणत नाही की "एवढं काय झालं गुरगुरायला, तुझ्यापेक्षा हालात जगणारे वाघ आहेत."

माणूस मेल्यावरही उणीव नाही. दशक्रियेला घाटावर अशी गर्दी, की आमदार, माजी आमदार आणि होऊ पाहणारे आमदार एकाच सतरंजीवर. प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं. मनमिळाऊ होता, कधी बोलला नाही, मनातलं मनातच ठेवलं. ठेवलं, कारण दहाव्या दिवसापर्यंत माइक कुणी दिला नव्हता.

तिकडे खोडदला तर जगातली मोठी दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, कान टवकारून आकाशाकडे बसलेल्या. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली कुजबूज त्यांना ऐकू येते. शेजारच्या खोलीतली त्यांच्या कक्षेत येत नाही.

माझ्या निदानाची बातमी मात्र तबकडीशिवाय पोचली. मी फक्त आईला सांगितलं होतं, आईने फक्त काकूला. काकूने "कुणाला सांगू नका" ही पुरवणी जोडून पुढे पाठवलं, म्हणजे ते कुठवर गेलं असेल ते ओळखा. मग सल्ले आले. लग्न करून टाका, जबाबदारी पडली की सुधारते. (ज्या विकाराचा निम्मा जीव नात्यांत अडकलेला, त्यावर उपाय म्हणून नातं. भाजलेल्याला तव्याचा शेक.) मोबाइल काढून घ्या. शेजारच्या गावात एक देवऋषी आहे, गुरुवारी बघतो. एक मामा तर म्हणाले, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." मामा, तुमच्या वेळी विहिरी होत्या.

यातला एकही माणूस वाईट नाही, हे लिहून ठेवते, नाहीतर पुढचा अंक आला की घरी चहा मिळायचा नाही. सगळे मायेचे. पण प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायची होती. "का करतेस असं?" मला ठाऊक असतं तर मी सत्त्याहत्तर टक्के पाडले असते का?

अशा वेळी दारुड्यांचा हेवा वाटतो. हसू नका. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन नावाच्या गावी शेअरबाजारातला एक माणूस हॉटेलात उभा होता. दारू सुटून काही महिने झाले होते, धंद्यातला एक व्यवहार नुकता फसला होता, आणि समोर बार. त्याने बारऐवजी टेलिफोन गाठला आणि गावात आणखी कुणी दारुडा मिळतो का याची विचारपूस सुरू केली. त्याला उपदेश ऐकायचा नव्हता. स्वतःची तहान भागवायला त्याला एक दुसरा तहानलेला हवा होता. मिळाला. तो पेशाने सर्जन निघाला. त्या दोघांच्या गप्पांतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली, आणि आज कुठल्याही मोठ्या गावात संध्याकाळी एखाद्या शाळेच्या खोलीत माणूस उठून "मी अमुक, मी दारुडा आहे" म्हणतो आणि बाकीचे त्याला नमस्कार करतात.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं. पु. ल. आणि सुनीताबाई पाठीशी होते. तिथली निम्मी जादू याच गोष्टीत आहे की काम करणाऱ्यांतले बरेच जण स्वतः तिथून बरे होऊन गेलेले. नव्या रुग्णाने थाप मारली तर समोरचा हसतो, कारण तीच थाप त्याने जास्त सफाईने मारलेली असते. दारुड्यांच्या बायकांसाठीसुद्धा 'सहचरी' हा गट आहे. आमच्या गावातला एक गडी तिथून आला, तो आता दर महिन्याला कुणाला तरी घेऊन जातो. गावात त्याला मान आहे. "सुधारला" म्हणतात. मी कशातून सुधारले म्हणून सांगू? रागातून?

स्किझोफ्रेनियावाल्यांचंही पुण्यात बस्तान आहे. जगन्नाथ वाणी हे धुळ्याकडचे, कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्र शिकवायचे. पत्नीला स्किझोफ्रेनिया. तो अनुभव गाठीशी घेऊन त्यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. २००४चा 'देवराई' सिनेमा आठवतो ना, अतुल कुलकर्णींचा? त्यामागेही वाणी होते. या संस्थेच्या स्वमदत गटात आजारी माणसाला 'रुग्ण' म्हणत नाहीत, 'शुभार्थी' म्हणतात, आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला लग्नपत्रिकेचा वास आला. शुभार्थी चि. सौ. कां. अशी. मग घरी आईला म्हटलं, "तू माझी शुभंकर." ती पोळी लाटत होती. म्हणाली, "आजवर काय म्हणायचीस मला?" काय म्हणायचे ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. पोळी थोडी करपली. तेव्हापासून मी त्या शब्दांना हसत नाही.

आणि खेड्यातली योजनासुद्धा झालेली आहे, बरं का. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा केंद्राने 'आत्मीयता' नावाचा प्रकल्प केला. गावातल्याच माणसांना शिकवायचं, त्यांनी शेजारच्या खचलेल्या माणसाजवळ बसायचं, ऐकायचं, फार असेल तर डॉक्टरपर्यंत न्यायचं. २०१३ ते २०१५ या काळात तो नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत चालला, पुढे गुजरातेत मेहसाणाला गेला. पुण्याहून नाशिकला जाणारा रस्ता आमच्या दारावरून जातो. योजना गेली. आम्ही धूळ पाहिली.

कायदाही आमच्या बाजूचा आहे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २९ मे २०१८पासून लागू. मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकंच विम्याचं संरक्षण, समाजात राहण्याचा हक्क, जीव द्यायला निघालेला माणूस गुन्हेगार नव्हे तर प्रचंड ताणाखाली आहे असं गृहीत धरायचं. गृहीत धरायची अधिसूचना आमच्या वस्तीवर अजून यायची आहे.

आता मूळ मुद्दा. आमच्या भागात अनोळखी माणूस भेटला की नाव, गाव झाल्यावर तिसरा प्रश्न येतो. थेट विचारत नाहीत, जरा वळण देऊन. "कोणते म्हणायचे? म्हणजे, आपल्यातले का?" आपल्यातले म्हणजे काय ते महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आडनावावरून अंदाज बांधायचा, पाहुण्यारावळ्यांवरून खात्री करायची, मग चहा. मला हा प्रश्न जन्मापासून खुपायचा. आणि निदान झाल्यावर सहा महिने मी दुसरं काही करत नव्हते. बसमध्ये, आडतीवर, लग्नात, प्रत्येक चेहऱ्याकडे बघून मनात हेच. आपल्यातले का?

यात मी एकटी नाही हे मला फार उशिरा कळलं. मार्शा लिनहन नावाची अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आहे. या विकारावरची सगळ्यात नावाजलेली उपचारपद्धती, डीबीटी, तिची. एकट्याचं समुपदेशन आणि जोडीला गटात बसून शिकायची कौशल्यं. रागाचा लोट आला की तोंड गार पाण्यात धरा, त्याने नाडी उतरते, हे त्यातलंच. (मी घमेल्यात पाणी घेऊन तोंड बुडवलं तेव्हा आमची आजी देवासमोर नारळ ठेवून आली.) तर ही बाई वर्षानुवर्षं असे रुग्ण तपासत असताना तिच्या हातांवरचे जुने व्रण पाहून एका रुग्ण मुलीने तिला विचारलं, तुम्ही आमच्यातल्याच का? तसं असेल तर आम्हाला केवढी आशा वाटेल.

आपल्यातले का. तोच प्रश्न, सातासमुद्रापार.

लिनहनबाई २०११ साली हार्टफर्डच्या ज्या मनोरुग्णालयात गेल्या आणि लोकांसमोर बोलल्या, तिथेच १९६१ साली सतरा वर्षांची पोर म्हणून त्यांना दाखल केलेलं होतं. पन्नास वर्षांनी त्यांनी उत्तर दिलं. हो, तुमच्यातलीच.

पन्नास वर्षं! ज्या बाईने हा आजार जगाला समजावला, तिलासुद्धा 'आपल्यातली' म्हणायला पन्नास वर्षं लागली. मग आमच्या काकूने "कुणाला सांगू नका" म्हटलं तर तिला किती दोष द्यायचा?

अखेर मलाही एक गट सापडला. नाव सांगत नाही, कारण तिथला पहिला नियमच तो आहे. महिन्यातून दोन रविवार, पुण्यात. जायचं कसं? एसटीने. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे निम्म्या खर्चात पूर्ण वेळ चाकणला बसता येतं. गाडीवर पाटी शिवाजीनगरची, उतरवतात वाकडेवाडीला. म्हणजे ओळख एक आणि मुक्काम भलतीकडे. माझ्यासारखंच.

जागा बालवाडीची. खुर्च्या गुडघ्याएवढ्या. भिंतीवर कमळ, खटारा, गणपती. एक पन्नाशीचे बँकेतले गृहस्थ त्या खुर्चीत असे बसलेले, की गुडघे कानाला लागत होते. एक इंजिनिअरिंगची मुलगी, एक शिक्षिका, एक नुसताच खिडकीबाहेर बघणारा मुलगा. सगळे याच निदानाचे नव्हते, पण अवतीभवतीचे होते. पहिली पंधरा मिनिटं पार्किंगवर गेली. मराठी माणसाला दुःखाकडे जातानाही पार्किंग लागतं.

मग ती मुलगी बोलली. मित्राने फोन उचलला नाही. तिने आधी मेसेज पाठवले. मग रागाचे. मग रागाच्या मेसेजबद्दल माफीचे. मग माफी मागावी लागली याबद्दल रागाचे. मग त्याला ब्लॉक केलं. मग आपण ब्लॉक केल्याचं त्याच्या लक्षात आलंय का हे बघायला अनब्लॉक केलं. तो झोपला होता. सकाळी उठून त्याने 'गुड मॉर्निंग' पाठवलं.

खोलीत हसू फुटलं. बँकेतले गृहस्थ तर खुर्चीवरून पडायचेच बाकी होते. मीही हसले आणि हसता हसता मला काहीतरी विचित्र वाटलं. माझ्या अशाच गोष्टीवर आजवर लोक दोनच प्रकारे वागले होते, एक तर डोक्याला हात, नाहीतर फिदीफिदी. इथे हसणाऱ्यांतल्या प्रत्येकाने तो अनब्लॉक स्वतः केलेला होता.

आणि मग कुणीतरी विचारलं, "मग?"

"का" नाही. "मग". मग काय केलंस? मग मी तोंड धुतलं. मग बहिणीला उठवलं. मग चहा केला. सगळी सभा या 'मग'वर चालते. एवढं काय त्यात, असं म्हणणारा कुणी नाही, कारण एवढं काय त्यात हे तिथे सगळ्यांना माहीत आहे.

आता कौतुक पुरे. हे सदर तिरकस आहे आणि गटही काही वारकऱ्यांची दिंडी नाही. ज्यांना माणसं पटकन चिकटतात आणि पटकन तुटतात, त्यांनाच एका खोलीत बसवलं तर काय होईल? तेच होतं. दोन बैठकांत जिवलग, तिसऱ्या बैठकीत एकमेकींच्या बाजूची खुर्ची नको. एक बाई आली ती मोबाइलवर रील्स बघून स्वतःचं, नवऱ्याचं आणि सासूचं असं तिघांचं निदान घेऊन. तिला सांगावं लागलं, बाई, आधी डॉक्टर, मग मंडळ. एकदा आम्ही सगळे एकमेकांच्या दुःखात इतके रमलो, की कुणाचं जास्त खोल याची कुस्ती लागली, निकाली. संयोजक बाईंनी शिट्टी वाजवावी तशी घंटी वाजवली. शाळेचीच.

म्हणून नियम आहेत. स्वतःला काय केलं, कसं केलं याचं वर्णन नाही. रात्री अकरानंतर एकमेकांना फोन नाही. जिवावर बेतलं असेल तर आधी घरचं माणूस, डॉक्टर, नाहीतर १४४१६, सरकारची टेलिमानस, २०२२च्या ऑक्टोबरपासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. गटाचा नंबर त्यानंतर. गृहस्थ म्हणाले, "आपण बुडणाऱ्याला दोर टाकू शकतो, पण आपल्यातल्या प्रत्येकाच्या कमरेला आधीच एक दोर आहे, गुंता होतो." ते कर्जवसुलीत होते. त्यांना दोर ठाऊक.

याच गृहस्थांनी मला मॅकलीनचं सांगितलं. अमेरिकेतल्या मॅकलीन रुग्णालयात मेरी झानारिनी यांनी या विकाराच्या २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. दहा वर्षांत शंभरातले ९३ जण किमान दोन वर्षं निकषात बसेनासे झाले. म्हणजे त्या पाच मार्कांच्या परीक्षेत नापास. नोकरी, नाती आणि सगळं घडीला बसणं मात्र निम्म्यांनाच साधलं, हेही त्यांनी लपवलं नाही. मी आईला फक्त ९३चा आकडा सांगितला. ती म्हणाली, "मग भात चालेल आता."

गेल्या महिन्यात बचत गटाची बैठक आमच्या ओट्यावर होती. हप्ते झाले, अंगठे झाले, चहा झाला, बायका उठल्या. वरच्या आळीतली एक वहिनी चपला शोधत मागे राहिली. चपला तिच्या पायात होत्या. मे महिना, अंगाची लाही होत होती, आणि तिचा ब्लाउज मनगटापर्यंतच्या बाह्यांचा.

"ताई, तुम्ही ते रविवारी पुण्याला जाता ना."

मी म्हटलं, "जाते."

तिने रस्त्याकडे बघितलं. कुणी नव्हतं, एक टेम्पो गेला तेवढाच. मग पदर सारखा करत हळूच म्हणाली, "तिथे आपल्यातले असतात का?"

माझ्या जिभेवर टोमणा आला होता. या प्रश्नाला मी कॉलेजपासून एक ठरलेलं उत्तर देते आणि समोरच्याचं तोंड पाडते. तो टोमणा मी गिळला.

"असतात," मी म्हटलं. "सगळे आपल्यातलेच."

"पैसे किती घेतात?"

"काही नाही. बिस्किटं आपण न्यायची."

ती हिशेब करत होती. सासूला काय सांगायचं, दूध कोण घालणार, परत किती वाजतील. मी म्हटलं, चाकणवर अवलंबून आहे. ती पहिल्यांदा हसली.

रविवारी सकाळी सव्वासातच्या गाडीत कंडक्टरने विचारलं, "किती?"

"शिवाजीनगर. दोन अर्धी."

तो म्हणाला, "सुट्टे द्या." तिने पदराची गाठ सोडली. बिस्किटांचे दोन पुडे होते, ते मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली आणि घाट उतरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मीही "का" विचारलं नाही.